ए-फिबच्या अ‍ॅब्लेशनआधी हृदयाची चित्रे कशासाठी काढतात?

एट्रियल फिब्रिलेशन या हृदयाची लय बिघडण्याच्या आजारावर, म्हणजे आता बऱ्याच रुग्णांच्याही तोंडी बसलेल्या ‘ए-फिब’वर, अ‍ॅब्लेशन (हृदयात बारीक नळी नेऊन ठराविक जागच्या पेशी ऊर्जेने निकामी करण्याचा उपचार) करायचे ठरले की रुग्णाच्या हाती तपासण्यांची यादी येते. त्यात छातीवरून केलेला इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, असतो, कधी अन्ननलिकेतून केलेला इको असतो, बहुतेकदा हृदयाचा सीटी स्कॅन असतो आणि क्वचित एमआरआयही असतो. ईसीजीवर आजार स्पष्ट दिसलेला असताना आणि गोळ्या घेऊन झालेल्या असताना पुन्हा एवढी चित्रे कशाला, असा प्रश्न घरच्या माणसांना पडतो आणि तो रास्त आहे. ईसीजी हृदयातील विजेची लय सांगतो. पण ज्या कप्प्यात शिरून काम करायचे त्याची ठेवण कशी आहे, त्याची भिंत किती जाड आहे आणि तिला बाहेरून काय टेकलेले आहे, यांतले काहीच ईसीजीवरून कळत नाही. या चित्रांचा सर्वांत मोठा उपयोग ऊर्जा कुठे द्यायची हे ठरवण्यात नाही, तर ती कुठे द्यायची नाही, आणि काही वेळा आज हृदयात शिरायचेच नाही, हे ठरवण्यात आहे, असे माझे मत आहे.

ए-फिबमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे, म्हणजे अलिंदे, एका ठेक्यात आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहतात. त्यांच्यात मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इतक्या वेगाने विजेच्या लहरी फिरत असतात. त्यांतल्या थोड्याच खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतात, म्हणून नाडी जलद आणि अनियमित लागते. या लहरींचा उगम बहुतेकदा कुठे असतो, हे फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हेसगेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवून दिले. त्यांनी ४५ रुग्णांमध्ये अशी एकूण ६९ केंद्रे शोधली आणि त्यांपैकी ६५ केंद्रे फुप्फुसांतून शुद्ध रक्त डाव्या अलिंदात आणणाऱ्या फुप्फुस शिरांमध्ये सापडली. आजचे अ‍ॅब्लेशन या निरीक्षणावर उभे आहे. शिरांच्या तोंडाभोवती, अलिंदाच्या बाजूने, मृत पेशींची एक अखंड रेषा तयार करायची, म्हणजे शिरेत उठलेली लहर अलिंदात येऊ शकत नाही. शेताचा बांध एका जागी फुटला तरी पाणी आत शिरते, तसेच या रेषेचे आहे. त्यामुळे डॉक्टरांना ती कुठेही तुटू द्यायची नसते आणि त्यासाठी ऊर्जा पुरेशी द्यावी लागते. ही पुरेशी ऊर्जा भिंतीच्या पलीकडे जाता कामा नये, ही या उपचारातली खरी कसोटी आहे.

रेडिओफ्रिक्वेन्सी पद्धतीत कॅथेटरच्या, म्हणजे हृदयात नेलेल्या बारीक नळीच्या, टोकाने ऊतक तापवले जाते आणि साधारण ५० अंश सेल्सिअसच्या वर पेशी कायमच्या मरतात. क्रायोबलून पद्धतीत शिरेच्या तोंडावर फुगा फुगवून तो भाग गोठवतात. पल्स्ड फील्ड या अलीकडच्या पद्धतीत अतिशय अल्पकाळाचे तीव्र विद्युतक्षेत्र लावून पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडतात. यांतल्या पहिल्या दोन पद्धतींना हृदयाचा स्नायू आणि त्याच्या मागचा अवयव यांत भेद करता येत नाही.

डाव्या अलिंदाच्या मागच्या भिंतीला लागूनच अन्ननलिका खाली उतरते आणि दोहोंमध्ये जेमतेम काही मिलिमीटर अंतर असते. उजव्या वरच्या फुप्फुस शिरेजवळून श्वासपटल हलवणारी फ्रेनिक नस जाते. डावी वरची शीर आणि डाव्या अलिंदाची बोटासारखी पिशवी, म्हणजे अपेंडेज, यांच्यामध्ये एक अरुंद कंगोरा असतो; त्यावर कॅथेटर नीट टेकत नाही आणि तो सरकला तर पातळ भिंतीच्या पिशवीत शिरतो. हृदयाला रक्त पुरवणारी सर्कमफ्लेक्स धमनी डाव्या अलिंदाच्या खालच्या मायट्रल झडपेच्या कडेने जाते, म्हणून त्या बाजूला रेषा काढायची असेल तर तिचाही विचार करावा लागतो. शरीरशास्त्राच्या पुस्तकात हे सारे एकाच ठराविक जागी दाखवलेले असते, प्रत्यक्षात मात्र माणसागणिक त्यात फरक असतो आणि त्या विशिष्ट माणसात ते कसे आहे हे चित्राशिवाय कळत नाही.

पहिली तपासणी छातीवरून केलेल्या इकोची. ती साधी आणि स्वस्त आहे, तिच्यात किरणोत्सर्ग नाही, आणि आपल्याकडे तिचे महत्त्व युरोप-अमेरिकेपेक्षा अधिक आहे. भारतात लहानपणीच्या संधिवाती तापामुळे मायट्रल झडप आकसलेले रुग्ण आजही मोठ्या संख्येने दिसतात आणि त्यांच्या ए-फिबचे मूळ त्या झडपेत असते. झडप अरुंदच ठेवून शिरांभोवती रेषा काढण्यात अर्थ नसतो. आधी झडपेचा उपचार, बहुतेकदा फुग्याने झडप रुंद करणे, हा विचार व्हावा लागतो. रक्त पातळ करण्याच्या गोळीची निवडही येथेच बदलते, कारण संधिवाती हृदयरोगासह ए-फिब असलेल्यांमध्ये जुन्या पद्धतीची, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) तपासून घ्यायची गोळी नव्या रिवारोक्सॅबॅनपेक्षा सरस ठरल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस अभ्यासात दिसले. इकोवरून अलिंदाचे आकारमानही कळते. शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे ३४ मिलिलिटरपेक्षा जास्त आकारमान असेल तर डावे अलिंद वाढलेले मानतात. ते फारच ताणलेले असेल तर अ‍ॅब्लेशननंतर आजार परतण्याची शक्यता वाढते, आणि हे रुग्णाला आधीच स्पष्ट सांगितले गेले पाहिजे.

दुसरा प्रश्न गुठळीचा. थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचते आणि झडपेचा आजार नसलेल्या रुग्णांत डाव्या अलिंदातील गुठळ्यांपैकी सुमारे ९० टक्के गुठळ्या अपेंडेजमध्ये आढळतात. तेथे गुठळी असताना कॅथेटर फिरवले, किंवा उपचारादरम्यान लय अचानक पूर्ववत झाली, तर ती सुटून मेंदूकडे जाऊ शकते आणि ए-फिबमधून सुटका करायला गेलेल्या माणसाला पक्षाघात होऊ शकतो. रक्त पातळ करणारी गोळी किमान तीन आठवडे न चुकता घेतली असली तरी काही रुग्णांत गुठळी सापडतेच. छातीवरच्या इकोत अपेंडेज नीट दिसत नाही, कारण छातीवरून पाहताना ते दूर पडते. म्हणून अन्ननलिकेतून प्रोब घालून तपासतात. ही तपासणी टीईई म्हणून ओळखली जाते. घशातून नळी जाते म्हणून ती त्रासदायक वाटते, पण अपेंडेजच्या इतक्या जवळून दुसऱ्या कोणत्याही बाह्य तपासणीला पाहता येत नाही. गिळायला त्रास असेल, अन्ननलिका अरुंद झाली असेल किंवा यकृताच्या आजारामुळे तिथल्या शिरा फुगल्या असतील, तर हे आधी सांगायलाच हवे.

हल्ली पुष्कळ ठिकाणी हेच काम सीटी स्कॅनवर भागवतात, आणि त्यातली एक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. शिरेतून रंगद्रव्य दिल्यावर लगेच काढलेल्या चित्रात अपेंडेज रंगाने पूर्ण भरलेले दिसले तर गुठळी नाही असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते. पण तिथे काळा भाग राहिला तर त्याचे दोन अर्थ होतात: एक तर तेथे गुठळी आहे, किंवा रक्त इतके संथ फिरते आहे की रंगद्रव्य अजून टोकापर्यंत पोहोचलेलेच नाही. म्हणून थोड्या वेळाने त्याच जागेचे दुसरे, उशिराचे चित्र काढतात. संथ रक्तप्रवाह असेल तर काळा भाग आता भरतो. गुठळी असेल तर तो तसाच राहतो. शंका उरली तर टीईई करावीच लागते. गुठळी निघाली तर अ‍ॅब्लेशन पुढे ढकलतात, औषध बदलतात किंवा वाढवतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासतात. खोली ठरलेली आहे, नातेवाईक गावाहून आलेले आहेत, सुट्टी मंजूर आहे, अशा वेळी हा निर्णय पचवणे अवघड जाते, तरीही तो योग्य असतो.

गुठळी नाही हे ठरले की सीटीचे खरे काम सुरू होते. फुप्फुस शिरा सामान्यतः चार असतात, उजवीकडे दोन आणि डावीकडे दोन. पण डावीकडच्या दोन शिरा एकत्र येऊन एकाच रुंद तोंडाने उघडणे किंवा उजवीकडे मधली एक जास्तीची शीर असणे, हे प्रकार मुळीच दुर्मीळ नाहीत. क्रायोबलून वापरायचा असेल तर ही माहिती आधी असलेली फार बरी. २८ मिलिमीटरचा फुगा रुंद, लंबगोल तोंडावर घट्ट बसत नाही आणि बाजूने रक्त वाहत राहिले तर ऊतक पुरेसे गोठत नाही. लहान शिरेत मात्र तोच फुगा खोल आत सरकण्याचा धोका असतो, आणि उजव्या बाजूला तो जितका आत जाईल तितका फ्रेनिक नसेजवळ पोहोचतो. ही नस स्वतः सीटीत सहसा दिसत नाही, पण तिच्या सोबतीने जाणारी बारीक धमनी चांगल्या स्कॅनमध्ये दिसते आणि तिच्यावरून नसेचा मार्ग ओळखता येतो. सुरुवातीच्या काळात डॉक्टर शिरेच्या आतच ऊर्जा देत असत आणि पुढे काही रुग्णांच्या शिरा आकसून बंद होत. दम लागणे, खोकला, थुंकीतून रक्त अशी लक्षणे काही महिन्यांनी दिसत. आता रेषा शिरेच्या बाहेर अलिंदाच्या अंगाने काढतात. शीर कुठे संपते आणि अलिंद कुठे सुरू होते, हे त्रिमितीय चित्रावर आधीच पाहिलेले असले की ती सीमा नेमकी सांभाळता येते.

भिंतीच्या जाडीचा विषय त्याहून सूक्ष्म आहे. डाव्या अलिंदाची भिंत काही ठिकाणी एक मिलिमीटरहूनही पातळ असते, तर डाव्या शिरा आणि अपेंडेज यांच्यामधल्या कंगोऱ्यावर ती कितीतरी जाड असते. सगळीकडे सारखीच ऊर्जा दिली तर पातळ जागी ती वाजवीपेक्षा जास्त होते आणि जाड जागी कमी पडून रेषेत फट राहते. बार्सिलोनातील डॉक्टरांनी सीटीवरून जाडीचा रंगीत नकाशा तयार करून तो कॅथ लॅबमधल्या, म्हणजे हा उपचार होतो त्या खोलीतल्या, संगणकाच्या नकाशावर बसवण्याची आणि प्रत्येक बिंदूवर जाडीप्रमाणे ऊर्जा ठरवण्याची पद्धत विकसित केली. त्याच नकाशावर अन्ननलिकेचे अंतरही दाखवता येते, त्यामुळे मागच्या भिंतीवरची रेषा अन्ननलिकेपासून थोडी दूर सरकवता येते. हे सगळीकडे सर्रास होत नाही आणि त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते. तरी विचार म्हणून मला हा मार्ग पटतो, कारण तो माणसानुसार ऊर्जेचे माप ठरवतो.

अन्ननलिकेबाबत मात्र आदल्या दिवशीच्या चित्रावर पूर्ण विसंबता येत नाही. ती जागची हलते. रुग्ण गुंगीत असताना गिळण्याच्या हालचालीने ती दोन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक बाजूला सरकल्याची नोंद आहे. म्हणून उपचार चालू असताना अन्ननलिकेत तापमान मोजणारी तार ठेवतात आणि तापमान चढू लागले की ऊर्जा थांबवतात.

एमआरआयकडून वेगळी अपेक्षा होती. गॅडोलिनियम हे रंगद्रव्य दिल्यानंतर काही मिनिटांनी काढलेल्या चित्रात अलिंदाच्या भिंतीतले व्रणासारखे, तंतुमय झालेले भाग उजळ दिसतात. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या डीकाफ अभ्यासात असे दिसले की हा तंतुमय भाग जितका जास्त, तितका अ‍ॅब्लेशननंतर ए-फिब परतण्याचा संभव जास्त. मग त्या भागांवरही ऊर्जा दिली तर आजार कमी परतेल, ही पुढची कल्पना ओघानेच आली. ती तपासण्यासाठी सातत्याने टिकणाऱ्या ए-फिबच्या ८४३ रुग्णांवर डीकाफ-२ हा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०२२ साली आले. एका गटात फक्त शिरा वेगळ्या केल्या, दुसऱ्या गटात त्याबरोबर एमआरआयवर दिसलेल्या व्रणांवरही ऊर्जा दिली. लय पुन्हा बिघडण्याचे प्रमाण अनुक्रमे ४६.१ आणि ४३ टक्के होते, म्हणजे त्यांत लक्षणीय फरक नव्हता. मात्र दुसऱ्या गटात पहिल्या महिन्यात सहा जणांना पक्षाघात झाला आणि पहिल्या गटात एकालाही नाही. चित्रात दिसते म्हणून तिथे भाजायचे, हे तर्काला पटणारे असले तरी रुग्णाच्या हिताचे ठरले नाही. एमआरआयचा उपयोग यामुळे संपत नाही. कोणाला अ‍ॅब्लेशनचा फायदा कमी होण्याची शक्यता आहे, हे आधी सांगण्यासाठी आणि दुसऱ्या खेपेला जुन्या रेषेतल्या फटी शोधण्यासाठी अनुभवी केंद्रांत त्याचा वापर होतो. पण अलिंदाची पातळ भिंत एमआरआयमध्ये पाहणे कठीण आहे आणि वाचणाऱ्याप्रमाणे निष्कर्ष बदलू शकतो, हेही खरे आहे.

आदल्या दिवशीचे सीटी चित्र कॅथ लॅबमध्ये जसेच्या तसे बसत नाही. कॅथेटरच्या टोकाने अलिंदाच्या आतून बिंदू घेत संगणक स्वतःचा त्रिमितीय नकाशा बनवतो आणि त्यावर सीटीचे चित्र जुळवले जाते. दोन्ही वेळी लय वेगळी असेल, श्वास वेगळ्या टप्प्यावर असेल किंवा उपाशी राहिल्याने शरीरातले पाणी कमी झाले असेल, तर अलिंदाचा आकार बदलतो आणि जुळणी काही मिलिमीटर चुकते. ज्या कामात भिंतच दोन मिलिमीटरची आहे, तिथे ही चूक क्षुल्लक नाही. म्हणून सीटी हा नियोजनाचा नकाशा मानावा आणि प्रत्यक्ष कामाच्या वेळी त्या क्षणी दिसणाऱ्या चित्राला अधिक मान द्यावा, हे बरे.

ते चित्र आयसीई देते. मांडीच्या शिरेतून हृदयात नेलेल्या या बारीक इको कॅथेटरमुळे डॉक्टरांना आतूनच सगळे पाहता येते. उजव्या अलिंदातून डाव्यात जाण्यासाठी मधल्या पडद्याला सुईने छिद्र पाडावे लागते. पडद्याचा पातळ भाग छोटा असतो, त्याच्या पुढच्या अंगाला महाधमनी असते आणि सुई थोडी चुकली तरी ती हृदयाबाहेर जाऊ शकते. आयसीईवर सुईच्या टोकाने पडदा तंबूसारखा ताणलेला दिसतो आणि जागा योग्य आहे की नाही हे टोचण्याआधी कळते. अन्ननलिका त्या क्षणी कुठे आहे तेही दिसते. हृदयावरणात रक्त साचू लागले, म्हणजे टॅम्पोनाडची सुरुवात झाली, तर रक्तदाब कोसळण्याच्या आधीच ते स्क्रीनवर दिसते. मला या सर्व साधनांत सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे साधन हेच वाटते. अडचण एवढीच की हे कॅथेटर महाग आहे आणि आपल्याकडे बरेच रुग्ण उपचाराचा खर्च स्वतःच्या खिशातून करत असल्याने ते दर वेळी वापरले जात नाही.

पल्स्ड फील्ड पद्धत आल्यामुळे या चित्रांची गरज संपली, असे कोणी म्हटले तर ते अर्धेच खरे आहे. हृदयाच्या स्नायूपेशी या विद्युतक्षेत्राला अन्ननलिकेपेक्षा आणि नसांपेक्षा लवकर बळी पडतात. १७ हजारांहून अधिक रुग्णांच्या मॅनिफेस्ट-१७के या नोंदीत अन्ननलिकेला भोक पडल्याचे एकही उदाहरण आढळले नाही. पण त्याच नोंदीत टॅम्पोनाड आणि पक्षाघात कमी प्रमाणात का होईना झालेच, कारण पडद्याला छिद्र पाडणे, मोठे कॅथेटर फिरवणे आणि गुठळीचा धोका हे सारे तसेच राहते. धमनीच्या जवळ हे क्षेत्र लावल्यास ती तात्पुरती आखडू शकते, म्हणून मायट्रल झडपेजवळ काम करताना शरीररचना माहीत असणे आता उलट अधिक गरजेचे झाले आहे.

प्रत्येकाला सगळ्या तपासण्या हव्यात असेही नाही. सीटीच्या रंगद्रव्याने मूत्रपिंडावर ताण येतो, त्यामुळे क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णाने, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणाऱ्याने आणि पूर्वी रंगद्रव्याची अ‍ॅलर्जी आलेल्याने हे आधी सांगावे. अनुभवी डॉक्टर आयसीईच्या साहाय्याने सीटीशिवायही सुरक्षितपणे काम करतात. भेटीच्या वेळी डॉक्टरांना तीन गोष्टी विचाराव्यात: गुठळी नसल्याची खात्री कशी करणार, पडद्याला छिद्र पाडताना कोणते चित्र समोर असणार, आणि अन्ननलिकेच्या रक्षणासाठी काय करणार. ज्यांचे काम विचारपूर्वक चालते त्यांना या प्रश्नांचा राग येत नाही.

चित्रांची गरज उपचारानंतरही लागू शकते, आणि ही बाब घरच्या प्रत्येकाला माहीत हवी. अन्ननलिका आणि अलिंद यांच्यात भोक पडण्याचा प्रकार अत्यंत विरळ आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पॉटर-एएफ या मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत त्याचे प्रमाण ०.०२५ टक्के, म्हणजे चार हजारांत एक होते, पण ज्यांना तो झाला त्यांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश रुग्ण दगावले. तो लगेच होत नाही, बहुधा दोन ते चार आठवड्यांनी, रुग्ण घरी आणि कामावर परतलेला असताना होतो. ताप, गिळताना दुखणे, छातीत दुखणे, रक्ताची उलटी किंवा अचानक बोबडी वळणे व हातपाय लुळे पडणे, यांपैकी काहीही अ‍ॅब्लेशननंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत झाले तर ते साध्या तापावर किंवा आम्लपित्तावर ढकलू नये. गावातल्या डॉक्टरांना अ‍ॅब्लेशन झाल्याचे सर्वांत आधी सांगावे, जिथे ते झाले त्या रुग्णालयाला फोन करावा आणि छातीचा सीटी स्कॅन तातडीने करून घ्यावा. तोंडातून दुर्बीण घालून पोट तपासण्याचा सल्ला मिळाला तर अ‍ॅब्लेशन करणाऱ्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती होऊ देऊ नये, कारण दुर्बिणीतून भरलेली हवा त्या भोकातून हृदयात आणि तिथून मेंदूत जाऊ शकते.